ओमानमधला एक

१

ओमानमधल्या गाला इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजांचा प्रत्येक बोर्ड आधी धनंजय चिंदरकरच्या नावाने तयार होतो आणि मग मालकाच्या, असं तिथे गमतीने म्हणायचे. त्यात फार खोटं नव्हतं. धनंजय अकरा वर्षं तिथल्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये डिझायनर होता. गिऱ्हाइकाकडून मजकूर यायला दोन दोन दिवस लागायचे, आणि तोवर चौकट कोरी ठेवणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो तिथे स्वतःचंच नाव टाकून द्यायचा.

प्रेसचा मॅनेजर जयप्रकाश, मुंबईचा. त्याने शंभरदा सांगितलं होतं, “अरे, एक्सवायझेड लिही ना. एक दिवस छापून जाईल तुझं नाव.”

“साहेब, एक्सवायझेडने काय कळतं? माझं नाव लांबलचक आहे. ते बसलं की जगातलं कुठलंही नाव बसतं.”

त्या आठवड्यात मात्र त्याचं कशातच लक्ष नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी त्याला बोलही लावत नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली होती. शुक्रवारी गावी, चिंदरला, बारसं होतं. रजा मंजूर होती, गुरुवार संध्याकाळचं तिकीट हातात होतं. मुलीला त्याने आतापर्यंत फोनवरच पाहिलं होतं, आणि ते पाहणं काही खरं नव्हे हे त्याला पुरतं कळत होतं.

“नाव काय ठेवतलास ता तरी सांग गो,” तो रोज बायकोला विचारायचा.

“ता सांगूचा नाय,” यशश्री म्हणायची. “आत्येन कानात सांगल्याबिगर बापाक सुदा कळूचा नाय. शुक्रवारी येवन आयक.”

आत्या म्हणजे त्याची बहीण देविका. तीही दाद देत नव्हती. धनंजय मनातल्या मनात नावं लावून बघायचा, आणि प्रत्येक नावापुढे स्वतःचं नाव आणि मग चिंदरकर लावलं की त्याला उगाचच भरून यायचं.

२

रविवारी, आठवडा नुकता सुरू होत होता, तेव्हा फॅलोरी नावाचा म्हातारा प्रेसमध्ये आला. उंच, वाळका, डोक्यावर हॅट. गोरा होता, पण बऱ्याच दिवसांत ऊन न लागलेल्या माणसासारखा फिकट. आपण आयरिश, राहायला सीबला, व्हिलात एकटाच, एवढं त्याने सावकाश इंग्रजीत सांगितलं.

त्याला भिंतीवर लावायला मोठा तक्ता हवा होता. फॅलोरी हे आडनाव कुठून निघालं आणि आज जगात कुठे कुठे आहे, याचा. फाइल त्याने पेनड्राइव्हवर आणली होती. जुनी होती, रंग उडालेले, फॉन्ट बिघडलेले. डावीकडे आयर्लंडचा नकाशा, त्याच्या पश्चिमेला एका दरीवर लाल ठिपका. खाली दोन ओळी, की या नावाचा अर्थ ‘जो पाहुणा परत गेला नाही त्याच्या वंशातला’. उजवीकडे सगळं जग. दुष्काळात बोटी भरून माणसं गेली होती, आणि जिथे उतरली तिथे ठिपके होते. अमेरिकेत चौऱ्याण्णव, ऑस्ट्रेलियात चाळीस, न्यूफाउंडलंडला सात. मग बरीच मोकळी जागा, आणि अरबस्तानच्या कोपऱ्यावर एकुलता एक ठिपका. ओमान, एक. त्याला जोडून नावाची चौकट होती. ती कोरी होती.

“सर, इथे तुमचं नाव टाकू?”

“त्याचं शेवटी बघू,” म्हातारा म्हणाला. तो त्या चौकटीकडे बघत नव्हता.

टेबलावरून एक प्रिंट घसरून खाली पडलं आणि म्हाताऱ्याचा बूट त्यावर पडला. तो चटकन वाकला, कागदाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. झटकन, सवयीने. मग त्याने कागद उचलून टेबलावर ठेवला.

धनंजय बघतच राहिला. कागदाला पाय लागला म्हणून पाया पडणारा गोरा साहेब त्याने जन्मात पाहिला नव्हता. आपल्या लोकांत बरीच वर्षं राहिला असेल, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

३

सोमवारी त्याने तक्ता नीट लावला. ओमानची चौकट फारच बारीक होती. नाव मावतं का बघायला त्याने नेहमीप्रमाणे टाइप केलं, धनंजय चिंदरकर, इंग्रजीत. अगदी मापाने बसलं. म्हातारा नमुना बघायला आला तेव्हा ते काढायचं राहून गेलं होतं.

“सॉरी सर, हे डमी आहे. आत्ता काढतो.”

“राहू दे,” म्हातारा म्हणाला. “छान बसलंय.” त्याने खिशातून पेन काढून नमुन्यावर ‘छापा’ असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. जाताना त्याने धनंजयचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“काय चेष्टा आहे,” धनंजय म्हणाला. “त्याच्या खानदानात माझं नाव कशाला?”

“गिऱ्हाइकाने सही केलीय. आपल्या डोक्याला ताप नको,” जयप्रकाश म्हणाला. “यल्ला, चल, प्रिंट मार, खलास.”

धनंजयला ते पटलं नाही. मुलीच्या बारशाच्या आठवड्यात आपलं नाव परक्या आडनावांच्या यादीत असू नये, एवढंच त्याला वाटत होतं. त्याने चौकट निवडून डिलीट केली. खाली तशीच दुसरी पांढरी चौकट होती. जुन्या फायलींत असं असतं. चूक पुसायचा कंटाळा आला की माणसं तिच्यावर पांढरा तुकडा डकवतात. त्या चौकटीत लिहिलेलं होतं, तानाजी वायंगणकर. तीही त्याने काढली. खाली अरमान, पुढचं नाव तुटलेलं. त्याच्याखाली जमाल. त्याच्याखाली पुन्हा एक चौकट होती, पण तिच्यावरची लिपी त्याला ओळखता आली नाही. तिथे तो थांबला. कोण असतील? त्याच्याआधी ज्यांनी ज्यांनी ही फाइल हाताळली ते असतील. डमी नाव टाकायची खोड काही त्याच्या एकट्याची नसणार. त्याला हसू आलं, आणि लगेच विरलं.

त्याने सगळं पुसून चौकट कोरी केली, सेव्ह केलं, प्रिंट दिलं. मशीनमधून तक्ता सरकत बाहेर आला तेव्हा ओमानच्या ठिपक्यापाशी त्याचं नाव होतं.

४

बुधवारी दुपारी फ्रेम लावायला तो एकटाच प्रेसची पिकअप घेऊन सीबला गेला. एकदा हे काम हातावेगळं केलं की सुटलो, मग बॅगच भरायची, असं तो स्वतःला बजावत होता.

व्हिला मोठा होता आणि रिकामा होता. हॉलमधल्या सोफ्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. पुढच्या खोलीत काहीच नव्हतं. त्याच्यापुढच्या खोलीत एक पलंग आणि एक खिडकी, तिच्यातून हातभर अंतरावर कंपाउंडची भिंत दिसत होती. सगळ्या खोल्यांतले एसी चालू होते, आणि त्यांची घरघर एकमेकांत मिसळून कुणीतरी दाराआड सारखं काहीतरी पुटपुटतंय असं वाटत होतं. स्वयंपाकघरातून वास आला आणि धनंजयचे पाय थबकले. कुळथाच्या पिठीचा वास होता. वर लसणीची फोडणी.

“सर, हे कोण करतं?”

“मीच,” म्हातारा म्हणाला. “कुणी शिकवलं ते आठवत नाही.”

फ्रेम लावता लावता म्हाताऱ्याने बोलणं काढलं. आडनावाचं काढलं. चिंदरकर म्हणजे काय? धनंजयने सांगितलं, चिंदर हे गाव, तिथले आम्ही म्हणून चिंदरकर. आमच्याकडे बहुतेक आडनावं अशीच.

“म्हणजे परत कुठे जायचं ते नावातच लिहिलेलं असतं,” म्हातारा म्हणाला. “फार सोयीचं आहे.”

मग तो एकेक विचारत गेला. घराकडे जाताना वळण कुठल्या हाताला? तुळस दारासमोर की बाजूला? विहिरीवर रहाट आहे की पंप? बायको तुला काय म्हणून हाक मारते? धनंजय सगळं सांगत गेला. घरच्या आठवणीने भरलेल्या माणसाला विचारायचीच खोटी असते. अकरा वर्षांत इतक्या आस्थेने कुणी विचारलंच नव्हतं. लहानपणी माडावरून पडून पाठीवर राहिलेला वण, वडिलांचं शेवटचं बोलणं, यशश्री रागावली की काय करते, सगळं. म्हातारा मान डोलवत होता आणि ओठांतल्या ओठांत ते परत म्हणत होता. धनंजयला वाटलं, म्हाताऱ्यांना अशी सवय असते.

“सर, तुमचं गाव कुठलं?”

म्हाताऱ्याने तक्त्यावर आयर्लंडकडे बोट नेलं. ते जरा चुकलं आणि समुद्रात टेकलं. त्याने ते तिथेच राहू दिलं.

५

“तुझी गाडी शेजाऱ्याच्या गेटसमोर आहे,” म्हातारा म्हणाला. “किल्ली दे, मी पुढे घेतो. आणि टोपी दे तुझी, ऊन फार आहे.”

धनंजयचे हात गमने चिकट झाले होते. त्याने किल्ली दिली. प्रेसच्या नावाची टोपीही दिली. फोन गाडीतच चार्जिंगला होता. म्हाताऱ्याने आपली हॅट टेबलावर काढून ठेवली आणि बाहेर गेला. दार हलकेच लागलं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग गिअर पडला, आणि तो आवाज लांब जायला लागला.

धनंजय हॉलच्या खिडकीशी गेला. पिकअप गल्लीच्या टोकाशी वळत होती. खिडकीबाहेर काढलेला कोपर दिसला, सावळा, तरणा. टोपीखाली मान दिसली. गठ्ठे उचलून उचलून धनंजयचा डावा खांदा जरा खाली आला होता, त्यावरून प्रेसमधले त्याला चिडवायचे. गाडी चालवणाऱ्याचा डावा खांदा तसाच होता.

मग त्याने स्वतःला सावरलं. काच रंगीत आहे, ऊन डोळ्यांवर येतंय, म्हातारा गाडी वळवून आणायला गेला असेल. त्याने पंधरा मिनिटं वाट पाहिली, मग अर्धा तास. एसी घरघरत होते.

६

दार नुसतंच लोटलेलं होतं, हे त्याला फार वेळाने कळलं. त्याआधी त्याने हॉलमधल्या फोनवरून प्रेसला फोन लावला.

‘साहेब, मी धनंजय. म्हातारा गाडी घेऊन गेला,’ असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून जे आलं ते सावकाश, नम्र इंग्रजी होतं, आणि आवाज त्याचा नव्हता.

“गुड आफ्टरनून, सर,” पलीकडून जयप्रकाश गिऱ्हाइकाशी बोलायच्या सुरात म्हणाला. “धनंजय? हो सर, आत्ताच पोचला. समोरच आहे. फिटिंगमध्ये काही प्रॉब्लेम?”

मागे कुणीतरी हसलं. तो स्वतः जसा हसायचा तसंच, शेवटी थोडं नाकातून.

त्याने फोन ठेवला. हात फोनवरच राहिला, आणि त्या हाताकडे त्याची नजर गेली. कातडी सैल, वर तपकिरी डाग. ताप आला असेल, उन्हाचा झटका असेल, असं काहीतरी असेलच. अशा वेळी माणसाने एक करावं, ओळखीच्या जागी जावं. तो बाहेर पडला, मोठ्या रस्त्यावर आला, टॅक्सी थांबवली.

“कुठे जायचं?” ड्रायव्हरने विचारलं.

गाला, असं तो म्हणणार होता. त्याच्या तोंडून सीबचा पत्ता आला, व्हिलाच्या नंबरासकट. टॅक्सी वळली आणि दोन मिनिटांत त्याला गेटपाशी सोडून गेली. दुसऱ्या टॅक्सीत त्याने दात आवळून धरले आणि ड्रायव्हर थकून विचारेपर्यंत गप्प बसला. मग तोच पत्ता आला. तिसरी टॅक्सी त्याने केली नाही, गालाच्या दिशेने चालत निघाला. तासाभराने घामाघूम होऊन त्याने मान वर केली तेव्हा समोर तेच गेट होतं, आणि शेजारचा ओमानी गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणत होता, “मिस्टर फॅलोरी, या उन्हात फिरू नका हो.”

त्याला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता.

७

विमानं सीबवरूनच उडतात. गुरुवारी दिवसभर तो ती मोजत होता. त्याने तक्ता भिंतीवरून काढून पाहिला, पण काचेवर आपला चेहरा दिसेल म्हणून तिच्याकडे सरळ बघायचा धीर झाला नाही. फ्रेम त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवली. स्वयंपाकघरात पिठी तशीच होती. कितीही ठरवलं तरी भूक लागतेच. त्याने ती उभ्या उभ्या खाल्ली, आणि चव लागली तेव्हा क्षणभर आपण घरीच आहोत असं त्याला वाटलं. त्या एका क्षणाचं त्याला पुढे फार दुःख झालं.

संध्याकाळी त्याचं विमान गेलं. वेळ तीच होती. छतावरून गडगडत गेलेला आवाज त्याने शेवटपर्यंत ऐकला. त्या विमानात बावीस नंबरची खिडकी होती, आणि ती रिकामी गेली नसणार हे त्याला कळत होतं. कुणीतरी तिथे बसून तुळस समोर, वळण उजव्या हाताला, असं घोकत असेल.

८

शुक्रवारी सकाळी त्याने म्हाताऱ्याच्या कपाटात एक टॅब्लेट शोधून काढला. यशश्रीचा नंबर बोटांना पाठ होता. तिकडे बारा वाजत आले असतील. त्याने व्हिडिओ कॉल लावला, तो बराच वेळ वाजला, आणि ती समोर आली. हिरवी साडी, केसांत आबोली, डोळ्यांखाली जागरण. इतकी सुंदर ती त्याला कधी दिसली नव्हती.

‘यशू, मी आहे. तो मी नाही.’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याने सगळा जीव गोळा केला.

“गुड मॉर्निंग,” त्याचं तोंड म्हणालं. “इज धनंजय देअर?”

ती गडबडून पदर सावरायला लागली. “सर... यस, सर. यांनी सांगितलं तुमच्याबद्दल. ही इज हिअर ओन्ली. आज पहाटे पोचले.” मग तिला मराठीच सोपं वाटलं. “खूप भला माणूस आहे म्हणाले. तुम्ही खूप आस्थेने विचारपूस केलीत, म्हणाले.” ती जरा थांबली, स्क्रीनकडे निरखून बघितलं. “तुमचे डोळे... नाही, काही नाही, सर. एक मिनिट हां, नाव ठेवतायत.”

तिने फोन बंद न करता खिडकीत टेकवून ठेवला. पडद्याच्या कडेला पाळण्याचा दांडा दिसत होता, झेंडूची माळ, आणि पाळण्याची दोरी धरलेला एक हात. हाताच्या मागे निळ्या शर्टाची बाही. तो शर्ट धनंजयने रुवीच्या बाजारातून याच दिवसासाठी घेतला होता. दोरी अलगद ओढली जात होती, जपून, जशी बापाने ओढावी तशी. चेहरा चौकटीत येत नव्हता. एकदा तो माणूस पुढे वाकला, कानाची पाळी आणि गालाची कड दिसली, आणि धनंजयने डोळे मिटून घेतले.

देविका वाकल्याचं त्याला आवाजावरून कळलं. बायका गप्प झाल्या. तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि लगेच तिच्या पाठीत धपाधप धपाटे बसले, हशा उठला.

“मोठ्याने सांग गो,” कुणी म्हातारी ओरडली.

“पूर्वा,” देविका म्हणाली. “पूर्वा धनंजय चिंदरकर.”

नाव अगदी मापाने बसलं होतं. मुलीचं नाव खरं, बापाचं नाव खरं, गावही खरं. त्यात कुठेही खोट काढता आली नसती. धनंजय ते मनात म्हणून बघत होता, पुन्हा पुन्हा, आणि त्याला आनंदासारखं काहीतरी वाटलं, कारण काही झालं तरी ते त्याच्या लेकीचं नाव होतं.

यशश्री परत आली. तिचे डोळे भरले होते. “सर, ऐकलंत? पूर्वा. नाइस नेम, ना?”

तो तिला काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. एकच शब्द, ती रागावल्यावर तो तिची समजूत काढायला म्हणायचा तो. तो शब्द म्हाताऱ्याला सांगायचा राहिला होता. फक्त तेवढा एक राहिला होता. त्याने तो जिभेवर आणला.

“अ लव्हली नेम,” तो म्हणाला.

“थँक यू, सर,” यशश्री म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.